दगडी बंगल्याचे मागचे मालक

नगरच्या सावेडीतल्या त्या दगडी बंगल्यात पूर्वी कोण राहत होतं, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुम्हाला काय सांगितलंय. कारण एका निवृत्त सुभेदाराला तो बंगला रणगाड्यावरच्या कॅप्टनचा म्हणून माहीत आहे. चर्चच्या गायनमंडळातल्या बायकांना तो एका मिशनरी मडमेचा म्हणून माहीत आहे. आणि माझ्या वडिलांच्या लेखी तो संगमनेरच्या एका तंबाखूवाल्या शेठजींचा आहे. या सगळ्यांना ही माहिती एकाच माणसाने दिली. तो माणूस म्हणजे माझे घरमालक. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत मी चार वर्षं भाड्याने राहिले.

कॉलनीत त्यांना मोजणीकाका म्हणत. सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात झालेली. तरुणपणी साखळ्या ओढत जिल्हाभर जमिनी मोजल्या आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर कार्यालयात बसून शहरातल्या घरांच्या मालकीच्या नोंदी केल्या. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली तरी खातं त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. उंच, काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. रस्त्याने पावलं मोजत चालायचे. मध्येच कुणी हाक मारली तर हात वर करून त्याला थांबवायचे, आकडा पुरा करायचे आणि मगच "सलाम" म्हणायचे. शहराचं नाव बदललं तेव्हा लोक पेढे वाटत होते किंवा वाद घालत होते; काका आठवडाभर फक्त एवढ्याच काळजीत होते, की कपाटातल्या जुन्या शिक्क्यांचं आता काय करणार.

मला कधी जेवायला बोलावलं की आधी चतुःसीमा सांगायचे. "मॅडम, ताटाच्या पूर्वेस मिरचीचा ठेचा आहे, तिकडे जपून. दक्षिणेस भात. पश्चिमेची हद्द कायम नाही, वरण कुठवर जाईल ते सांगता येत नाही." माझी ओढणी वाळत घातलेली तार ओलांडून त्यांच्या जास्वंदीवर गेली तर दारावर टकटक व्हायची. "एक वीत अतिक्रमण आहे. सध्या तोंडी ताकीद देतोय." आणि दिवसातून दहादा विचारायचा प्रश्न म्हणजे, "नोंद आहे का?" लाईट गेली, दूधवाला आला नाही, माझं डोकं दुखतंय, काहीही सांगा, हाच प्रश्न. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा हिशेब होता. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी तेवढ्या त्यांना पुरून उरायच्या.

"काका, उद्या मी न्हाई यायची. पोरीला बघाय पावनं येनार हायती."

"नोंद आहे का?"

"तुमच्या डोस्क्यात करा की. तितं लई जागा हाय."

असा हा कागदाला देव मानणारा माणूस स्वतःच्या घराबद्दल रोज उठून थापा मारतो, हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. त्यात माझी फारशी चूक नाही, कारण पहिली थाप मलाच मारली होती आणि ती फार सुरेख होती.

ज्युनिअर कॉलेजात नेमणूक मिळाली म्हणून मी वडिलांबरोबर खोली बघायला आले होते. दोन्ही बाजूंना सात-सात मजल्यांच्या इमारती आणि मधोमध मंगलोरी कौलांचा हा बुटका बंगला पाहून वडील फाटकातच घुटमळले. मुलगी एकटी, घर जुनं, मालक असा दोन पेनांचा. काकांनी विचारलं, "कुठले आपण?" वडील म्हणाले, "संगमनेर." काका खुर्चीतून उठलेच.

"मग हे घर तुम्हाला परकं नाही. तुमच्याच गावचे एक तंबाखूवाले शेठजी इथे राहायचे. नगरचं पाणी पचायचं नाही त्यांना. दर गुरुवारी प्रवरेचं पाणी घागरी भरून यायचं. ही ओल बघा," म्हणत त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवरचा एक मोठा पिवळट डाग दाखवला. "इथे घागरी टेकवून ठेवायचे. अजून वाळलेली नाही."

वडिलांनी त्या डागाला हात लावून पाहिला आणि खोली ठरली. पुढच्या आठवड्यात ते संगमनेरच्या बाजारपेठेत शेठजींची चौकशी करून आले. पहिल्या दोन दुकानांत कुणाला काही माहीत नव्हतं, पण तिसऱ्या दुकानातले म्हातारे म्हणाले, "हो, हो. फार मोठा माणूस. आमच्या आजोबांशी बसणं-उठणं होतं." वडिलांनी मोठ्या आनंदाने मला फोन केला. मी काकांना सांगितलं. ते मान डोलावून म्हणाले, "मला वाटलंच होतं, असा कुणीतरी असणार."

तेव्हाही मला काही कळलं नाही. कळलं ते वर्षाने. भंडारदऱ्याहून सोलापूरकडे परतणारं एक जोडपं चहासाठी थांबलं होतं, बंगला दिसला म्हणून फोटो काढायला आत आलं. मी व्हरांड्यात पेपर तपासत बसले होते. काका त्यांना सांगत होते, "तुम्ही ज्या धरणावर फोटो काढून आलात ना, त्याचे नकाशे या दिवाणखान्यात पसरलेले असायचे. गोरा इंजिनिअर होता. रात्रंदिवस पाण्याचाच विचार. ही ओल बघा." जोडप्याने ओलीचे चार फोटो काढले. ते गेल्यावर मी लाल पेन खाली ठेवलं.

"काका, या भिंतीला नेमकं काय टेकलेलं होतं?"

"कुणाच्या वेळी?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

"इतकं खोटं बोलता तुम्ही?"

"सरकारी कागदावर मी आयुष्यात एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. हे तोंडी आहे. तोंडी गोष्टीला आमच्या खात्यात कुणी विचारत नाही." आणि जरा वेळाने, "वरची टाकी गळते. तेवढं कुणाला सांगू नका."

मी रागवायला हवं होतं, पण मला हसू आवरेना. त्यानंतर मी त्यांच्या थापांची चाहती झाले. कोण आलंय ते पाहून मागचा मालक ठरायचा. साखर कारखान्यात नोकरी केलेला कुणी आला, की कारखान्याचा पहिला विचार याच व्हरांड्यात कुणाला तरी सुचलेला असायचा. सुभेदारांनी तर कॅप्टनची कथा ऐकून जाताना रिकाम्या व्हरांड्याला कडक सलाम ठोकला होता. पाहुणा खूश होऊन जायचा, काका खूश होऊन आत यायचे. यात एक गोष्ट मला खटकायला हवी होती, ती खटकली नाही. मागच्या मालकांबद्दल इतकं बोलणारा हा माणूस आत्ताच्या मालकाबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. मी समजत होते, आत्ताचे मालक तेच.

बंगल्यावर एका बिल्डरचा डोळा होता. दर सणाला त्याच्याकडून मिठाईचा डबा यायचा. काका मिठाई खायचे आणि रिकाम्या डब्यावर "मिळाला, उत्तर नाही" असं लिहून तारीख घालायचे. पण आतून ते घाबरलेले होते. पुण्याला असणारी मुलगी स्पष्ट बोलणारी. तिने सांगून टाकलं होतं, "पप्पा, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. नंतर त्या माणसाला एकटीने थोपवणं मला जमणार नाही." त्यानंतर काकांनी चार दिवस कुणाला थापा मारल्याचं मला आठवत नाही.

अशात शहरातल्या जुन्या घरांची हेरिटेज यादी होणार असल्याचं पेपरात आलं. यादीत घर लागलं की पाडता येणार नव्हतं. काकांनी स्वतः जाऊन फॉर्म आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं. भरा." त्यांचा आवाज त्या दिवशी वेगळा होता. हे घर राहिलं पाहिजे, एवढं एकच त्यांना हवं होतं.

फॉर्ममध्ये घराचा इतिहास आणि त्याला पुष्टी देणारी परिसरातल्या लोकांची पत्रं मागितली होती. इथे माझा उत्साह नडला. काकांना न सांगता, कुणाला कोणती थाप मिळालीय याचा विचारही न करता, मी कॉलनीभर फिरले आणि म्हटलं, या घराबद्दल जे माहीत आहे ते लिहून द्या. लोकांचा काकांवर जीव होता. आठवड्यात सात पत्रं आली. सुभेदारांनी कॅप्टनच्या शौर्यावर दोन पानं लिहिली. गायनमंडळाने मडमेच्या हार्मोनियमबद्दल लिहिलं आणि खाली अकरा सह्या केल्या. माझ्या वडिलांनी संगमनेरहून कुरिअरने शेठजींचं चरित्र पाठवलं, सोबत त्या म्हाताऱ्या दुकानदाराची साक्षही. पत्रांप्रमाणे हे सगळे मालक एकाच काळात, एकाच घरात राहत होते. आणि सातही पत्रांत त्या ओलीचा उल्लेख होता.

मी ती पत्रं काकांना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सुभेदारांनी दोन गोष्टी स्वतःच्या पदरच्या घातल्यात. चांगल्या आहेत पण."

"आता काय करायचं?"

"फाडा. पुराव्याला चालणार नाहीत."

"मग खरा इतिहास सांगा. आणि ही पहिलीच ओळ रिकामी आहे, सध्याच्या मालकाचं नाव."

"ते नंतर भरू," म्हणून ते जास्वंदीला पाणी घालायला गेले. नुकतंच घालून झालेलं होतं.

नंतर म्हणजे कधीच नाही, हे तीन-चार दिवसांत कळलं. शेवटी मीच घराचा उतारा ऑनलाईन काढला. वाचून मी चक्रावले. जुन्या मालकांची नावं एकाखाली एक होती आणि प्रत्येक नाव कंसात होतं. सगळ्यात शेवटचं नाव तेवढं कंसाविना, मोकळं होतं. ते एका बाईचं होतं.

भांडी घासत असलेल्या मावशींना मी ते नाव वाचून दाखवलं. त्यांचे हात थांबले.

"त्या काकांच्या मालकीन. हास्पिटलात नर्स हुत्या. घर त्यांनीच घेतल्यालं. लई कडक बाई. इंजिक्शन दिल्यालं कळायचं न्हाई, पन बोलल्या की आठ दिस दुकायचं."

"कधी गेल्या?"

"अकरा वर्सं झाली की. तुमाला न्हाई सांगितलं काकांनी? व्हय, ते कुनालाच न्हाई सांगत."

कंस म्हणजे काय, ते मला काकांनीच कधीतरी शिकवलं होतं. माणसाने घर विकलं किंवा माणूस गेला, की उताऱ्यावर त्याच्या नावाला कंस करतात आणि खाली नवं नाव चढतं. नाव पुसायचं नाही, फक्त कंसात घालायचं. काकांनी नोकरीत अशी हजारो नावं कंसात घातली होती. बायकोचं मात्र घातलं नव्हतं. वारसांची नोंद करायला नको, कंस व्हायला नको, म्हणून अकरा वर्षं त्यांनी तो कागद तसाच ठेवला होता. आणि आत्ताचा मालक कोण, हे कुणी विचारूच नये म्हणून मागच्या मालकांची ही सगळी पलटण उभी केली होती. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांच्या गोष्टींना हसत होते.

मी काही बोलायच्या आत यादीवाल्या समितीच्या एक बाई पाहणीला आल्या. आर्किटेक्ट होत्या, हातात टेप, बोलणं मोजकं. काकांना त्या आवडल्या, कारण टेप त्यांनी नीट ताणून धरली. व्हरांडा मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मालक कोण? त्यांच्याशी बोलायचंय."

"ती बाहेर गेलीय," काका म्हणाले.

"कधी येतील?"

ज्या माणसाने एका ओलीतून कॅप्टन, इंजिनिअर आणि शेठजी काढले होते, त्याला पुढचं वाक्य सुचेना. ते फाटकाकडे बघत राहिले. मावशी ओट्यापाशी पदराने हात पुसत उभ्या होत्या. मग काका म्हणाले, "अकरा वर्षं झाली. नोंद करायची राहिलीय."

बाईंनी टेप गुंडाळली. मग त्या चांगल्या, शांत आवाजात म्हणाल्या, "घर यादीत घेण्यासारखं आहे. पण अर्ज हयात मालकाचाच लागतो. पुढच्या बैठकीपर्यंत वारसांची नावं लागली तर मी फाईल ठेवते. नाहीतर मग माझ्या हातात काही नाही."

त्यानंतर काकांनी त्यांना बंगल्याचा इतिहास सांगितला. मी पहिल्यांदाच खरा ऐकत होते. कॅप्टन नव्हता, मडम नव्हती. घर बांधलं एका पाथरवटाने, दुसऱ्यांच्या कामावरून उरलेला दगड आणून. त्याच्याकडून ते एका शाळामास्तरांनी घेतलं, त्यांनी एका कंपाउंडरला विकलं. व्हरांड्यातला दगडी बाक कंपाउंडरने रोग्यांसाठी बसवला. पुढे ते त्याच्या दोन मुलींकडे आलं. बहिणींचं पटायचं नाही, म्हणून त्यांनी दिवाणखान्याच्या फरशीवर मधोमध पितळी पट्टी ठोकून घर वाटून घेतलं होतं. थोरलीच्या आजारपणात एक नर्स शुश्रूषेला यायची, ती पट्टीच्या दोन्ही बाजूंना बिनदिक्कत फिरायची. शेवटी दोघींनी घर तिलाच देऊन टाकलं. "आणि लग्न झाल्यावर मी तिच्या घरात राहायला आलो," काका म्हणाले. "पहिल्याच दिवशी मी खोल्या मोजायला लागलो तर तिने टेप काढून घेतली." एवढं सांगताना त्यांनी भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी काका माझ्याबरोबर रिक्षाने त्यांच्या जुन्या कार्यालयात आले आणि वारस नोंदीचा अर्ज दिला. मृत्यूचा दाखला त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्यावर आणखी एक पिशवी, असा आणला होता. तरुण साहेबाने उठून त्यांना खुर्ची दिली. नियमाप्रमाणे नोटीस निघाली, की कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मी सुटकेचा श्वास सोडला. मुलीलाही फोन करून कळवलं.

बाराव्या दिवशी कार्यालयातून मला फोन आला. अर्जावर नंबर माझा होता. "मॅडम, अडचण झालीय. नोटिशीवर हरकत आलीय."

"बिल्डरची ना?" माझं डोकं फिरलंच.

"नाही," साहेब अवघडून म्हणाला. "काकांचीच."

त्याने ती मला वाचून दाखवली. अक्षर निळ्या पेनातलं, भाषा पक्की सरकारी. 'अर्जदाराचे म्हणणे हरकतदारास मान्य नाही. सदर धारक मयत असल्याबाबत हरकतदाराची अद्याप खात्री पटलेली नाही. सबब, नोंद करण्यात येऊ नये.' खाली सही, अर्जावर होती तीच.

मी तणतणत घरी आले. काका जास्वंदीची वाळकी पानं खुडत होते.

"काका, काय आहे हे? हरकत आली की सुनावणी लागते. बैठक चुकली तर घर जाईल. तुम्हालाच हवं होतं ना?"

"हवं आहे की. म्हणून तर अर्ज केला."

"मग हरकत?"

त्यांनी खुडलेली पानं मुठीत धरली. "मॅडम, मी इतक्या नोंदी केल्या. वारस हरकती घ्यायचे ते एकमेकांवर. याला जास्त, मला कमी. गेलेल्या माणसाच्या बाजूने कुणी हरकत घेतलेली मी पाहिली नाही. पंधरा दिवस नोटीस लागते आणि कुणी काही बोलत नाही. मी कंस करून टाकायचो. हिच्या वेळी कुणीतरी बोलायला नको?"

मी आत जाऊन चहा टाकला आणि दोन कप घेऊन व्हरांड्यात आले. त्या संध्याकाळी त्यांनी चहाची चतुःसीमा सांगितली नाही.

सुनावणी बैठकीच्या दोनच दिवस आधी लागली. मुलगी पुण्याहून आली होती. ती वडिलांवर वैतागलेली होती, पण रिक्षात त्यांचा हात धरून बसली. कार्यालयात साहेबाच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, उजवीकडे अर्जदाराची, डावीकडे हरकतदाराची. आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो. शिपायाने दारात उभं राहून काकांचं नाव दोनदा पुकारलं, एकदा अर्जदार म्हणून आणि एकदा हरकतदार म्हणून. काकांनी दोन्ही वेळा "हजर" म्हटलं. बाहेर रांगेत बसलेले लोक माना वळवून बघायला लागले.

साहेब बिचारा अगदी गंभीर होता. काकांनीच कधीकाळी घालून दिलेल्या पद्धतीने त्याला सगळं करायचं होतं. "अर्जदाराचं म्हणणं?" त्याने विचारलं.

काका उजव्या खुर्चीत बसले. पाठ ताठ. "धारक माझी पत्नी. मयत आहे. दाखला जोडला आहे. वारस मी आणि माझी मुलगी. घर राहावं म्हणून नोंद हवी आहे."

साहेबाने लिहून घेतलं. "हरकतदाराचं म्हणणं?"

काका उठले, डाव्या खुर्चीत जाऊन बसले. खिशातून कागद काढला, उलगडला. चष्मा नीट केला. एक ओळ वाचायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. साहेबाचं पेन हातातच राहिलं. माझ्या शेजारी मुलीने तोंडावर ओढणी धरली होती.

मग काकांनी तळहाताने डोळे पुसले, उठले, पुन्हा उजव्या खुर्चीत जाऊन ताठ बसले आणि म्हणाले, "साहेब, हरकतदार रडतोय. तुम्ही अर्जदाराचं ऐका."